ढगातली वही

आमच्या दादाला ढगांचा मनापासून राग आहे. जून महिन्यात पहिला काळा ढग घाटकोपरवर उतरला, की सगळे घर खिडकीशी धावते, वहिनी भज्यांची कढई चढवते आणि दादा मात्र छत्री उचलून साकीनाक्याचा रस्ता धरतो. तिथे त्याचा मिठाईचे खोके बनवण्याचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे काय, तळमजल्यावरचा एक गाळा, दोन यंत्रे, पाच-सहा माणसे आणि छतापर्यंत रचलेले पुठ्ठे. अशा माणसाला त्याच्या एकुलत्या एका मुलाने एके दिवशी जेवताना सांगितले, "बाबा, आपले सगळे हिशेब मी आता ढगात ठेवले आहेत." पुढे काय झाले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

दादाचा राग अकारण नाही. २६ जुलै २००५, मंगळवार. त्या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. मिठी नदीने काठ सोडला आणि गाळ्यात छातीइतके पाणी चढले. पुठ्ठ्यांचा लगदा झाला, ते दुःख दादाने चार दिवसांत गिळले. खरा घाव निराळाच होता. उधारीच्या वह्या भिजून एकजीव झाल्या होत्या आणि संगणकही बुडाला होता.

"अरे, पण नक्कल काढून ठेवली होतीस ना?" मी विचारले.

"ठेवली होती गं," तो म्हणाला. हिशेबाची सीडी त्याने खरोखरच काढून ठेवली होती. पण त्याच टेबलाच्या खालच्या खणात!

मग आम्ही दोघे दुकानादुकानांतून हिंडलो. ज्याला पैसे घ्यायचे त्यालाच आकडा ठाऊक नाही, अशी ती जगावेगळी वसुली होती. कुणी अंदाजाने दिले, कुणी घासाघीस केली. एकाने तर "आमच्याकडे काहीच बाकी नाही हो" म्हणून हात जोडले. शेवटी घाटकोपरच्या एका म्हाताऱ्या मिठाईवाल्याकडे गेलो. त्यांनी काही न बोलता स्वतःची चोपडी उघडली, बोट फिरवले आणि दादाला आठवत होता त्याहून मोठा आकडा वाचून दाखवला. दादाच्या डोळ्यांना त्या दिवशी प्रथमच पाणी आले.

हे सारे ठाऊक असल्यामुळे बापलेकाच्या वादात मला पंच व्हावे लागले. दादाचा मुद्दा सरळ होता. "आपला हिशेब परक्याच्या घरी ठेवायचा, वर त्याला भाडे द्यायचे, आणि तो परका कोण हेही आपल्याला माहीत नाही!" मला मराठीच्या प्राध्यापिकेला ढग म्हटला की कालिदासाचा यक्ष आठवणार. त्यानेही एका अनोळखी मेघाच्या हाती निरोप सोपवला होता. पण त्याला पोचपावती मिळाली की नाही, कुणास ठाऊक.

"हा तुझा ढग असतो तरी कुठे रे?" मी भाच्याला विचारले.

"आत्या, चल, दाखवतो," तो म्हणाला आणि एका रविवारी त्याने मला घाटकोपरहून मेट्रोत बसवले. ही मेट्रो २०१४ साली सुरू झाली. गाडी साकीनाक्याला आली तेव्हा त्याने बाहेर बोट केले. "इथून जवळच, चांदिवलीला, संगणकांची मोठी घरे आहेत. खाडीपलीकडे रबाळे, महापे इथेही आहेत." वर्सोव्याला उतरून रिक्षाने आम्ही किनाऱ्यावर गेलो. पाहते तो वाळू, कोळ्यांच्या होड्या आणि सुकत घातलेली मासळी! "आत्या, परदेशांतून समुद्राच्या तळाने आलेल्या कितीतरी केबली इथे वर येतात. खोल समुद्रात त्यांची जाडी बागेतल्या पाण्याच्या नळीएवढीच असते आणि आत केसासारखे काचेचे तंतू असतात." थोडक्यात, ढग आकाशात नाही. तो वाळूखाली आहे, काचेत आहे आणि कुलूपबंद इमारतींत आहे.

त्या इमारतींत हजारो संगणक रात्रंदिवस चालू असतात. थंड हवा, वीज गेली तर जनित्रे, दारावर पहारेकरी. त्यांतली जागा लागेल तेवढी भाड्याने घ्यायची, एवढाच या मेघविद्येचा अर्थ. ॲमेझॉन कंपनीने हा धंदा २००६ साली मांडला. पुढे मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईला, ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गूगलने २०१७ मध्ये मुंबईत आपापली केंद्रे उघडली. आपल्या सरकारनेही स्वतःचा ढग उभारला आणि त्याचे नाव ठेवले 'मेघराज'!

भाड्याचे प्रकार मला भाच्याने मुंबईकराच्या भाषेत समजावले. पहिला प्रकार रिकाम्या खोलीचा. जागा त्यांची, संसार सगळा तुमचा. दुसऱ्यात ओटा, शेगडी आणि भांडी मिळतात. तुम्ही फक्त स्वयंपाक करायचा. तिसरा प्रकार खानावळीचा. पाटावर बसायचे आणि जेवायचे. दादासारख्या लहान धंदेवाल्याला तिसराच परवडतो. हिशेबाची तयार व्यवस्था महिन्याच्या भाड्याने मिळते. संगणक विकत घेऊन त्याच्यापुढे बसणारा माणूस नेमावा लागत नाही. दिवाळीच्या आधीच्या पंधरवड्यात मागण्यांचा लोंढा येतो, तेव्हा जागा वाढवून घ्यायची; भाऊबीज झाली की परत करायची. आणि मुख्य म्हणजे गाळा पुन्हा बुडाला तरी वही बुडत नाही. २०२० च्या टाळेबंदीत गाळ्याला कुलूप लागले, आणि कुणाकडे किती येणे आहे हे सांगणारे कागद आतच राहिले. भाच्याने हिशेब ढगात नेण्याचे मनात घेतले ते तेव्हापासून.

तरी दादाच्या शंका खोट्या म्हणवत नाहीत. नळ उघडा राहिला तर पाण्याचे बिल येते, तसे घेतलेली जागा सोडायची राहिली तर भाडे चढत राहते. एका ढगातला संसार दुसऱ्या ढगात हलवायचा तर बिऱ्हाड बदलण्याइतकीच दगदग. ढगही आजारी पडतो. २० ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीत, ॲमेझॉनच्या अमेरिकेतल्या व्हर्जिनिया येथील केंद्रात बिघाड झाला आणि जगभरच्या कितीतरी सेवा काही तास अडून बसल्या. शिवाय इमारतीचा पहारा कंपनीचा असला, तरी किल्ली आपलीच. ती किल्ली म्हणजे पासवर्ड. आमच्या दादाने तो विसरू नये म्हणून गाळ्यातल्या दिनदर्शिकेवर ठळक अक्षरांत लिहून ठेवला होता! दोन दिवस तो येणारे-जाणारे सगळे वाचत होते. भाच्याने कपाळाला हात लावला. पण मी त्यालाही सोडले नाही. "अरे, बापाला किल्ली द्यायची तर ती ठेवावी कुठे हेही शिकवावे ना?"

मग मी दादाकडे वळले. "दादा, त्या जुलैत तुझ्या घरातले सगळे बुडाले. वाचले काय? त्या मिठाईवाल्यांच्या चोपडीतले. म्हणजे दुसऱ्याच्या घरी होते तेच ना?"

दादा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "हो. पण त्यांना मी ओळखत होतो."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि खरे सांगायचे तर आजही नाही. एक नक्कल दुसऱ्या जागी असावी, हे शहाणपण त्या पुराने आम्हाला शिकवले. ढग ते काम माणसापेक्षा नीट करतो. तो विसरत नाही, 'बाकी नाही' म्हणत नाही. पण त्याच्याकडे करार असतो, ओळख नसते. करार वाचावा लागतो. ओळख वर्षानुवर्षे जपावी लागते. धंदा करणाऱ्याला दोन्ही हवीत.

यंदा लक्ष्मीपूजनाच्या आधी दादाने निकाल दिला. "ठेव तुझ्या ढगात, माझी ना नाही. पण दर महिन्याच्या अखेरीस सगळ्या हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर काढायची आणि मुलुंडला तुझ्या आत्याच्या कपाटात नेऊन ठेवायची."

भाच्याने हसून मान डोलावली. जाणकारांचेही म्हणणे तेच, सगळ्या प्रती एकाच्या हाती देऊ नयेत, असे त्याने मला मागाहून सांगितले. तेव्हापासून आमच्या मुलुंडच्या कपाटात, साड्यांच्या घडीखाली, दादाचा सारा धंदा असतो. भाडे म्हणून दिवाळीला एक मिठाईचा खोका येतो. पोचपावती मात्र मी दर महिन्याला न चुकता देते.