डोंगरवाटेची सोबत

डोंगर चढला म्हणजे देव भेटतो असें जे छातीठोकपणें सांगतात, त्यांच्याविषयीं आम्हांस नेहमींच थोडा संशय वाटत आला आहे. चढणीवर माणसास प्रथम भेटते ती तहान, आणि तिच्या पाठोपाठ स्वतःचे गुडघे. शिवाय सारा जन्म पर्वतांवर घालवूनहि ज्यांस देवाची आठवण झाली नाहीं असे गिर्यारोहक पुष्कळ होऊन गेले. तेव्हां नुसत्या उंचीनें श्रद्धा उपजते हा हिशेब आमच्या गळीं उतरत नाहीं. 121 व्या स्तोत्राचा कर्ताहि डोळे वर करतो ते डोंगरांकडे, पण साहाय्य मागतो तें डोंगरांच्या कर्त्यापाशीं. हा भेद त्यानें मोठ्या सावधपणें राखला आहे.

आणि तरीहि गेलीं कित्येक वर्षें आम्ही वसईकडची पांचसात ख्रिस्ती मंडळी महिन्यांतून एकदां सह्याद्रींत चालावयास जातों, आणि आमच्या पदरीं जी कांहीं श्रद्धा आज शिल्लक आहे ती राखण्यांत देवळाइतकाच ह्या पायवाटांचा वांटा आहे. ह्याचें कारण उंची नव्हे, सोबत. बैठकींत माणसें समोरासमोर बसतात, आणि दुसऱ्याचा चेहरा पाहून प्रत्येकजण आपलें बोलणें बेतीत जातो. पायवाटेवर एकामागून एक चालावें लागतें. पुढच्याची पाठ तेवढी दिसते. त्यांतून दम लागलेला असतो, त्यामुळें शोभेचे शब्द आपोआप गळतात. मित्राच्या पाठीशीं बोलतांना जें ओठांवर येतें तें त्याच्या तोंडाकडे पाहून बोलवत नाहीं. पापनिवेदनाच्या कोठडींत धर्मगुरु आणि आपण यांच्यामध्यें जाळी असते, तिचेंहि मर्म कदाचित् हेंच असावें.

येशू रूपांतराच्या डोंगरावर गेला तेव्हां एकटा गेला नाहीं. पेत्र, याकोब व योहान ह्या तिघां मित्रांस घेऊन गेला. वरचा प्रकाश पाहून पेत्रास तेथेंच तीन मंडप घालावेसे वाटले. शिखरावर पोहोंचलेल्या कोणासहि असें वाटतेंच! परंतु मत्तयाच्या 17 व्या अध्यायांत पुढली गोष्ट अशी आहे कीं, ते खालीं उतरतात तों गर्दींतून एक बाप आपल्या आजारी मुलासाठीं विनवीत येतो. शुभवर्तमानाच्या वाचनांत मंडपांपर्यंतचा भाग लोकांच्या चांगला लक्षांत राहतो; हा बाप बहुधा विसरला जातो.

तुरीन शहरांतील प्येर जोर्जो फ्रासाती (1901–1925) ह्या तरुणाचें चरित्र आम्हांस आवडतें तें ह्याच कारणानें. बाप ‘ला स्ताम्पा’ ह्या वृत्तपत्राचा मालक, पुढें बर्लिन येथें इटलीचा राजदूत. घरांत धर्माचें वारें बेताचेंच. मुलगा खाणकामाच्या अभियांत्रिकीचा विद्यार्थी, थट्टेखोर आणि आल्प्स पर्वताचा वेडा. 1924 सालीं त्यानें मित्रमैत्रिणींचें एक मंडळ काढलें व त्यास नांव दिलें ‘तीपी लोस्की’, म्हणजे ‘संशयित इसम’. पोलिसांच्या दप्तरांत शोभावें असें नांव धारण केलेली ही मंडळी आधीं मिस्सा ऐके, मग डोंगर चढे, वाटेंत जपमाळ म्हणे आणि एकमेकांची यथेच्छ टवाळीहि करी. 7 जून 1925 रोजीं कडा चढतांना काढलेल्या आपल्या छायाचित्रावर त्यानें दोनच शब्द लिहिले. त्यांचा अर्थ ‘उंचीकडे’. महिना पुरा होण्यापूर्वींच, 4 जुलैला, तो पोलिओनें गेला. मरणाच्या आदल्या दिवशीं लुळ्या पडत चाललेल्या हातानें त्यानें एक चिठ्ठी खरडली, ती एका गरीब रोग्याच्या इंजेक्शनांसंबंधीं होती. अंत्ययात्रेस तुरीनच्या गोरगरिबांची रीघ लागली, तेव्हां कोठें आपला मुलगा काय करीत होता हें घरच्यांस नीट उमगलें. 7 सप्टेंबर 2025 रोजीं रोममध्यें त्यास संतपद देण्यांत आलें.

पोलंडमध्यें तर ही सोबत राजसत्तेच्या डोळ्यांवर आली होती. धर्मगुरूंनीं तरुणांच्या टोळ्या घेऊन बाहेर जाऊं नये असा तेथील साम्यवादी राजवटीचा दंडक होता. म्हणून क्राकूवचे कारोल वोयतिवा हे साध्या वेषांत विद्यार्थ्यांबरोबर डोंगरांत व नद्यांवर जात, आणि मुलें त्यांस ‘वुयेक’, म्हणजे काका, म्हणत. उपडी घातलेली होडी हीच वेदी, दोन वल्हीं एकमेकांस बांधलीं कीं क्रूस तयार. 1958 सालीं बिशपपदासाठींचें बोलावणें आलें तेंहि अशाच एका नौकासहलींत. हेच काका 1978 सालीं पोप दुसरे जॉन पॉल झाले.

आमची मजल फार तर कळसूबाईपर्यंत. 1646 मीटर उंचीचें हें शिखर महाराष्ट्रांत सर्वांत उंच. बारी गांवाहून निघालें कीं अवघड जागीं लोखंडी शिड्या लागतात, आणि माथ्यावर देवीचें लहानसें देऊळ आहे. तेथून जरा बाजूस आम्ही प्रार्थनेस बसतों. दुसऱ्याच्या दैवतापाशीं असें बसावें काय, असें आमच्याच कांहीं धर्मबंधूंनीं विचारलें आहे. देवीस फुलें घेऊन आलेल्या गांवकऱ्यांनीं मात्र सरकून आम्हांस सावलींत जागा दिली होती, आणि आपल्या कळशींतलें पाणीहि.

आमच्यांतील एका मित्राचा नऊ वर्षांचा मुलगा तीन वर्षांपूर्वीं तापानें गेला. तेव्हांपासून त्यानें देवळाची पायरी सोडली. धर्मगुरु घरीं आले तर चहा देई, पावसापाण्याचें बोले, आणि त्यांस निरोप देई. डोंगरावर यावयाचें मात्र त्यानें सोडलें नाहीं. आम्ही प्रार्थनेस बसलों कीं तो पलीकडे अलंग-कुलंगकडे तोंड करून बसे व पिशव्या राखी. त्यास हांक मारावी असें कित्येकांचें मत होतें. त्यावरून आमच्यांत वादहि झाला. आम्हीं हांक मारूं दिली नाहीं. ज्याचें लेकरूं गेलें त्यास शिखरावरच्या मंडपांत ओढून बसविणें आम्हांस क्रूरपणाचें वाटलें.

गेल्या डिसेंबरांत उतरतांना तो आमच्या पुढें चालत होता. शिडी संपल्यावर मागें वळून न पाहतां म्हणाला, ‘पुढल्या खेपेस पोराचें नांव घ्याल काय? मी तिकडेच बसेन.’

जानेवारींत आम्हीं नांव घेतलें. तो तिकडेच बसला होता. मग उठून त्यानें सर्वांस भाकऱ्या वाढल्या.