चापड्याची ओळख

पावसाळ्यात आंबोलीला रात्री साप बघायला आलेली माणसं हमखास विचारतात, हा हिरवा, तो तपकिरी, ओढ्यापलीकडचा पिवळा, म्हणजे वेगवेगळ्या जाती ना? जात एकच असते, मलबारी चापडा. हिरवा, तपकिरी, पिवळा, नारिंगी असे त्याचे कितीतरी रंग एकाच जंगलात सापडतात. रंगावरून सापाचं नाव ठरवायची सवय फार खोल रुजली आहे आणि ती मोडायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

मग बघायचं काय? आधी चेहरा. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधोमध एक खळगा असतो. घोणस आणि फुरसं चापड्याच्याच, म्हणजे व्हायपरच्या कुळातले, पण त्यांना हा खळगा नाही. ज्यांना तो आहे त्यांचं उपकुळ वेगळं, क्रोटॅलिनी. म्हणजे आंबोलीच्या चापड्याला घोणसापेक्षा अमेरिकेतला रॅटलस्नेक नात्याने जवळचा. आफ्रिकेत व्हायपर पुष्कळ, पण खळगा असलेला एकही नाही. या उपकुळाचा सर्वांत जवळचा नातलग म्हणजे अझेमिओप्स नावाचा साप. तो म्यानमार, चीन, व्हिएतनामच्या डोंगरांत राहतो आणि त्यालाही खळगा नाही. खळगेवाल्यांची शाखा आशियात फुटली आणि बेरिंगच्या भूसेतूवरून अमेरिकेत पोचली, असं मानलं जातं.

खळग्याच्या आत एक पातळ पडदा ताणलेला असतो, जाडी साधारण 15 मायक्रोमीटर. त्याच्या मागेही हवाच असते, त्यामुळे जराशा उष्णतेनेही तो लगेच तापतो. तापमानातला अंशाच्या हजाराव्या भागाइतका फरक त्याला जाणवू शकतो. पडद्यातल्या चेतातंतूंवर टीआरपीए1 नावाचं प्रथिन हे काम करतं, हे 2010 मध्ये उलगडलं. मेंदूत ही उष्णतेची खबर डोळ्यांनी पाहिलेल्या दृश्याशी जुळवली जाते.

इथे एक शंका येते. चापडा बेडूकही खातो, आणि बेडकाचं अंग तर थंड. पण खळग्याला लागतो तो फरक. आजूबाजूच्या फांदी-दगडापेक्षा ओला बेडूक थोडा गार असला, तरी तो वेगळा उमटू शकतो. रॅटलस्नेक तर उन्हाच्या वेळी गारव्याची जागा शोधायलाही खळगे वापरतात, असं प्रयोगांत दिसलं आहे. खळगा म्हणजे केवळ उंदीर मारण्याचं हत्यार, असं मला म्हणूनच म्हणवत नाही.

नावांचा इतिहास लांबलचक आहे. पॅट्रिक रसेलने 1796च्या ग्रंथात विशाखापट्टणमकडचा हिरवा साप चितारला आणि त्यावरून शॉने 1802 मध्ये त्याला ग्रॅमिनियस हे नाव दिलं. तोच आपला बांबूतला चापडा. जर्डनने 1854 मध्ये मलबारी चापड्याचं वर्णन केलं. पुढे बहुतेक सगळे ट्रायमेरेसुरस या एकाच प्रजातीत कोंबले गेले. खवले मोजून काही जाती नीट सुटतात: मॅक्रोलेपिस या जातीच्या पाठीवर मोठ्या खवल्यांच्या जेमतेम 12 ते 15 ओळी असतात, मलबारी चापड्याच्या 19 किंवा 21. बाकी ठिकाणी खवल्यांनी हात टेकले. 2021 मध्ये डीएनए, खवले आणि अधिवास एकत्र तपासले, तेव्हा मलबारी म्हणवणाऱ्यांपैकी पालघाट खिंडीच्या दक्षिणेकडचे साप वेगळे निघाले. गुंथरने 1864 मध्ये दिलेलं अनामलेन्सिस हे नाव त्यांना परत मिळालं. आपल्या चापड्यांची प्रजाती आता क्रॅस्पेडोसेफॅलस. मला हा बदल पटतो, कारण एका खिंडीने वंश कसे अलग ठेवले ते आता नावातच दिसतं.

ही खवल्यांची आणि नावांची मोजदाद कुणाला निरुपयोगी वाटेल, त्याने हिप्नालेकडे बघावं. नाकाचं टोक वर उचललेला हा छोटा, तपकिरी, खळगा असलेला साप गोव्यापासून दक्षिणेकडे पालापाचोळ्यात राहतो. पिल्लं शेपटीचं टोक अळीसारखं हलवून भक्ष्याला जवळ बोलावतात. केरळात त्याला फुरसं समजून उपचार झाले आणि रुग्णांची प्रकृती गंभीर झाली. असे खात्रीने ओळखलेले रुग्ण 2007 मध्ये प्रथम नोंदले गेले. रक्त गोठेनासं होतं, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषापासून बनतं. हिप्नालेवर ते चालत नाही. डॉक्टर बाटलीमागून बाटली देत राहतात, रक्त मात्र गोठत नाही. म्हणून दंश झाल्यावर साप मारायला किंवा पकडायला धावू नये. लांबून फोटो मिळाला तर घ्यावा, नाहीतर तसंच निघून रुग्णालय गाठावं. फोटोत चेहरा बाजूने आला असेल, तर डोळा-नाकपुडीमधला खळगा दिसतो, आणि फुरसं नाही एवढं तरी तिथेच ठरतं.