बनारसमध्ये परदेशी कोण?

शिकण्यासाठी तुम्ही कधी घरापासून लांब राहिला आहात का? राहिला असाल, तर हॉस्टेलमधली पहिली रात्र तुम्हाला नक्की आठवत असेल. माझी ती रात्र बनारसची आहे.

2008 च्या जुलैमध्ये मी रत्नागिरीहून बनारस हिंदू विद्यापीठात एम.ए. करायला गेले. मुंबईहून महानगरी एक्सप्रेसने एक अख्खा दिवस आणि एक रात्र प्रवास करून वाराणसी जंक्शनवर उतरले, तेव्हा आपण परदेशातच आलोय असं वाटलं. माझी हिंदी सिनेमातून शिकलेली, आणि बाहेर सगळे बोलत होते भोजपुरी! हॉस्टेलमध्ये माझं नाव पडलं 'बंबई'. रत्नागिरी कुठे आहे हे सांगून सांगून मी दमले आणि शेवटी 'बंबई'लाच ओ देऊ लागले.

पंडित मदनमोहन मालवीयांनी 1916 साली उभं केलेलं हे विद्यापीठ सुमारे तेराशे एकरांवर पसरलेलं आहे. रस्ते अर्धवर्तुळाकार, दोन्ही बाजूंना जुनी झाडं. पहिला आठवडाभर मी रोज रस्ता चुकले. पण त्या चुकण्यातच माणसं भेटत गेली. नेपाळची एक ताई भेटली. पुढे डिसेंबरच्या धुक्यात, जन्मात स्वेटर न घातलेल्या या कोकणातल्या मुलीला तिनेच रजईत कसं गुरफटून घ्यायचं ते शिकवलं. श्रीलंकेहून पाली शिकायला आलेले एक तरुण भिक्खू होते. त्यांना आम्ही हौसेने संध्याकाळच्या वाढदिवसाला बोलावलं. समोसे, जिलेबी, सगळं मांडलं आणि मग कळलं, की भंते दुपारनंतर जेवत नाहीत. ते नुसतं पाणी पीत आमच्यात हसत बसले. त्या दिवसापासून कुणालाही बोलावताना मी आधी विचारते, "तुम्हाला काय चालतं?"

आणि 'मॉरिशस'. तिलाही सगळे देशाच्याच नावाने हाक मारायचे. भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळवून ती हिंदी शिकायला आली होती. आमची गाठ पडली मध्यवर्ती ग्रंथालयात. त्या ग्रंथालयाला बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचं नाव आहे. मी ती पाटी वाचत उभी होते. शेजारून आवाज आला, "तू मराठी काय?"

मी उडालेच! आमच्या दोघींच्या हॉस्टेलांची वाट एकच होती. बाहेर आल्यावर तिने सायकलरिक्षावाल्याशी भोजपुरीत घासाघीस केली आणि दहा रुपये कमी करून घेतले. मॉरिशसमध्ये भोजपुरीही बोलतात, हे मला त्या दिवशी कळलं. परदेशातून आलेली ती घरच्यासारखी बोलत होती, आणि या देशातली मी गप्प बसले होते.

पण तिच्या मराठीला मात्र मी हसले. ती अडखळत बोलायची, मधेच क्रिओल शब्द यायचे, आणि आजोबांना 'आजा' म्हणायची. "अगं, असं आता कोण बोलतं?" असं मी चार मुलींसमोर म्हटलं. ती काहीच बोलली नाही. तिचा चेहरा मला आजही आठवतो.

सप्टेंबरात गणपती आले. घरी आरत्या चालू असतील, या विचाराने मी खोलीत रडत बसले होते. तेव्हा तीच दार वाजवून म्हणाली, "चल."

काशीत मराठी माणूस नवा नाही. विश्वनाथाचं आजचं मंदिर 1780 च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी बांधलं. ब्रह्मा घाट, दुर्गा घाटाच्या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या मराठी घरं आहेत. त्या गल्लीत आरती सुरू झाली. तिसऱ्या कडव्याला मी अडखळले. घरी ते आई म्हणायची, मी नुसत्या टाळ्या वाजवायचे. शेजारी ती मात्र डोळे मिटून, एक शब्दही न चुकता म्हणत होती.

प्रसाद देताना तिथल्या एका आजोबांनी विचारलं, "कुठल्या गं पोरींनो?" त्यांच्या मराठीला बनारसी हेल होता. मी पटकन 'रत्नागिरी' म्हणाले. ती हळूच म्हणाली, "आम्हीही तिकडचेच. आजाचा आजा उसाच्या मळ्यावर कामाला गेला. गावाचं नाव कुणाला ठाऊक नाही."

ज्या घराला आपल्या गावाचं नावही उरलं नव्हतं, त्या घराने आरती शब्द न शब्द जपली होती. आणि मी तिच्या मराठीला हसले होते. परत येताना मी तिची माफी मागितली. ती म्हणाली, "मग मला गाव शोधून दे."

1834 पासून भारतातून हजारो मजूर करार करून मॉरिशसला गेले. त्यांच्या नोंदी तिथल्या महात्मा गांधी संस्थेत जपून ठेवल्या आहेत. शिक्षण संपवून ती घरी गेली. बऱ्याच वर्षांनी तिने मला व्हॉट्सअ‍ॅपवर एका नोंदीचा फोटो पाठवला. जिल्हा रत्नागिरी. गावाचं नाव कारकुनाने जसं ऐकलं तसं इंग्रजीत लिहिलेलं. मी आणि बाबांनी ते वीस वेळा मोठ्याने वाचलं. दोन गावं जुळत होती.

आम्ही दोन्हीकडे गेलो. नक्की कोणतं, ते आजही सांगता येत नाही. दुसऱ्या गावात एसटीच्या थांब्यावरच्या पाटीसमोर उभं राहून मी तिला व्हिडिओ कॉल केला. मॉरिशसचं घड्याळ आपल्या दीड तास मागे, तिची सकाळ नुकतीच होत होती. तिने पाटीवरचं एकेक अक्षर लावत नाव वाचलं. मग म्हणाली, "दोन्ही माझीच."

वाचकहो, तुमच्या वर्गात, ऑफिसात, शेजारी कुणी वेगळ्या धाटणीची मराठी बोलत असेल, तर हसू नका. "हा शब्द तुमच्याकडे कुणाकडून आला?" एवढं विचारून बघा. आणि हो, तिसरं कडवं आता मला पाठ आहे.