दगडांच्या फटींत

भारती स्थानक, अंटार्क्टिका
जानेवारी

प्रिय सखे,

तू विचारलंस, दिवसभर तिथे करतेस तरी काय? दगडांच्या फटींत टॉर्च मारून बघते. कामाचा मोठा भाग एवढाच. पेंग्विन म्हटलं की सगळे हरखतात, पण माझा जीव जडलाय तो स्नो पेट्रेलवर. साधारण कबुतराएवढा पक्षी. चोच आणि डोळे काळे, बाकी पांढराशुभ्र. इथल्या लार्समन टेकड्यांच्या कपारींत मादी एकच अंडं घालते. नर-मादी दोघं आळीपाळीने ते जवळपास दीड महिना उबवतात; एक घरट्यात, दुसरा समुद्रावर.

फार जवळ गेलं की तो पोटातलं तेल थेट अंगावर थुंकतो. कपडे कितीही धुतले तरी तो वास जात नाही! पण याच तेलाचे थर कपारींपाशी थंडीत साठत जातात. या खंडावर काही ठिकाणचे थर तीस हजार वर्षांहून जुने निघालेत. तेव्हा समुद्रावर बर्फ किती होता, पाखरं काय खात होती, याचा माग त्यांतून लागतो. आपल्या अजिंठ्यातली सर्वांत जुनी लेणी दोन हजार वर्षांच्या आसपासची, बघ!

एकटीने बाहेर पडायचं नाही, वॉकीटॉकी कायम जवळ. हिमवादळ आलं की काम बंद. आणि सूर्य मावळतच नाही, म्हणून घड्याळाकडे बघून झोपायचं. स्कुआ पक्षी पेट्रेल मारून खातात. दगडांवर नुसते पंख उरलेले दिसले की फार वाईट वाटतं.

खरं सांगायचंय ते विल्सन्स स्टॉर्म पेट्रेलबद्दल. जेमतेम ४० ग्रॅमचा हा जीव इथल्याच फटींत वाढतो आणि पावसाळ्याच्या सुमारास आपल्या अरबी समुद्रात असतो! इथे त्याला १९९१च्या माद्रिद कराराचं संरक्षण आहे. आपल्याकडे मात्र खोल समुद्रात जाऊन त्याची मोजदाद फार थोडी होते. ती वाढलीच पाहिजे, नाहीतर इथली आमची अर्धी वही कोरीच राहणार.

म्हणून एक काम कर. गणपतीत मालवणला सासरी जाशील, तेव्हा ट्रॉलरवरच्या मंडळींना विचार, पाण्यावर पाय आपटत पळणारं काळं, कमरेशी पांढरा पट्टा असलेलं पाखरू दिसतं का? कुठे, कोणत्या महिन्यात, सगळं लिहून घे. त्याआधी एखाद्या रविवारी पैठणला जा. तिथल्या नाथसागर जलाशयावर यंदा कुरव किती आलेत ते कळव. दुर्बीण आईकडे कपाटात आहे.

तुझीच