म्हैसूरची जावा, श्रवणबेळगोळची वाट

आषाढातील रविवारी सकाळी म्हैसूरच्या यादवगिरी भागातून जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला वीस-बावीस जुन्या मोटारसायकली ओळीने उभ्या होत्या. काहींच्या टाकीवर ‘जावा’ ही अक्षरे होती, काहींवर ‘येझदी’. मालक हुबळी, बेंगळुरू, इचलकरंजी, सांगली अशा ठिकठिकाणांहून आलेले. कोणाची गाडी रेल्वेने आली होती, तर कोणाची सुताच्या गाठी वाहणाऱ्या ट्रकमधून. जगभरचे जावाप्रेमी जुलैचा दुसरा रविवार आपला दिवस म्हणून साजरा करतात. त्या वर्षी तो चातुर्मास बसण्याच्या आधी आला होता, म्हणून या मेळाव्यात जैन घरांतील मंडळीही निःशंक मनाने सामील झाली होती. एकदा चातुर्मास लागला, की अनावश्यक प्रवास नको, असा अनेकांच्या घरचा नेम.

जागा विचारपूर्वक निवडलेली होती. याच यादवगिरीत आयडियल जावा हा कारखाना होता. चेकोस्लोव्हाकियातील जावा कंपनीशी करार करून मुंबईच्या इराणी घराण्याने तो उभारला आणि 1961 च्या सुमारास येथून मोटारसायकली बाहेर पडू लागल्या. 1973 पासून त्यांना ‘येझदी’ हे नाव मिळाले. 1996 मध्ये कारखान्याला कायमचे कुलूप लागले. ‘जावा’ हे नाव 2018 मध्ये नव्या गाड्यांवर पुन्हा झळकले. पण या रांगेतील प्रत्येक गाडी जुन्या काळातील होती. यंत्र साधे : 250 सीसीचे, एका सिलिंडरचे, तरीही दोन बाजूंना दोन सायलेन्सर. किक आणि गिअर यांचा दांडा एकच. तो आत दाबून वर फिरवला की किक होते, इंजिन सुरू झाल्यावर तोच खाली येऊन गिअर बनतो. पेट्रोलमध्ये दर लिटरला साधारण 40 मिलिलिटर ऑइल मिसळावे लागते. मिश्रण चुकले तर प्लग शॉर्ट होतो किंवा पिस्टन धरतो.

इचलकरंजीचे एक कापड व्यापारी नातवासह आले होते. वय 76. 1975 साली घेतलेल्या येझदीवर त्यांनी पंचवीस वर्षे पंचक्रोशीतील बाजार केले होते. मागे कापडाचे नमुने बांधायचे, पुढच्या पिशवीत वसुलीची वही. पेढी मोठी झाली, चारचाकी आली आणि येझदी गोदामाच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली गेली. तिच्या शेजारी एक लाकडी पेटी होती. कारखाना बंद होणार अशी कुणकुण लागताच त्यांनी ओळखीच्या दुकानांतून मिळतील तेवढे सुटे भाग उचलले होते : पॉइंट, कंडेन्सर, पिस्टन रिंग, क्लच प्लेट, कार्बोरेटरचे जेट. माल दुर्मिळ होणार आणि भाव चढणार, हा हिशेब एका व्यापाऱ्याचा होता आणि तो अचूक ठरला. पुढे अनेकांनी मागणी केली, काहींनी तोंडाला येईल ती किंमत सांगितली. पेटी उघडली गेली नाही. या प्रवासात मात्र नातवाच्या आग्रहाने ती सोबतच्या टेम्पोत चढली होती.

सूर्योदय झाल्यावर पाणी घेतले गेले. थोड्या वेळाने दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि खाकरे निघाले. बेंगळुरूच्या मित्रांनी कातडी जाकिटे चढवली, तर जैन मंडळींच्या अंगावर जाड कॅनव्हासची जाकिटे आणि हातांत सुती मोजे. परतीची वेळही सूर्यास्ताआधीची ठरली. त्यात रात्रिभोजन टाळण्याचा नियम होता, तसाच आणखी एक विचार होता. रात्री दिव्याच्या झोतावर झेपावणारे कीटक वेगात जाणाऱ्या गाडीवर आदळून मरतात. छंदापायी तेवढी हिंसा तरी टाळता येते. मंडळातील जैनेतर मित्रांनीही हा नियम विनातक्रार मान्य केला होता. जुन्या जावाच्या सहा व्होल्टच्या दिव्यात रात्री फारसे दिसत नाही, ही त्यांची पुरवणी.

म्हैसूर ते श्रवणबेळगोळ हे अंतर 80 किलोमीटरच्या आसपास. श्रीरंगपट्टणला कावेरी ओलांडली की रस्ता पांडवपुराकडे वळतो. कालव्याच्या पाण्यावर पोसलेला ऊस, भाताची खाचरे आणि बांधांवरचे माड यांतून तो पुढे कृष्णराजपेठेकडे जातो. ताशी 40–45 च्या वर कोणी जायचे नाही असे ठरलेले. टू-स्ट्रोक इंजिनांचा टणटणीत आवाज ऐकून शेतातील माणसे मान वर करीत आणि चहाच्या टपरीवरील एखादा वृद्ध हात उंचावे. त्या भागात अनेक घरांत कधीतरी ही गाडी होती. नातू येझदी चालवीत होता आणि आजोबा मागे बसून इंजिनाचा आवाज ऐकत होते.

किक्केरी जवळ आली तेव्हा हुबळीच्या एका तरुणाची जावा रस्त्यात बंद पडली. प्लग बदलला, गाडी सुरू झाली आणि फर्लांगभर जाऊन पुन्हा थांबली. म्हैसूरच्या मिस्त्रींनी बाजूचे झाकण काढून किक मारायला सांगितली. पॉइंटच्या फटीत मोठी निळी ठिणगी उडाली. निदान झाले : कंडेन्सर गेला. तरुणाजवळचा जादा कंडेन्सर बाजारातील नकली निघाला. तोही तापताच बसला. गाडी टेम्पोत चढवावी लागणार, हे दिसू लागले. ती गाडी त्याच्या वडिलांची होती आणि वडिलांच्या निधनानंतर तो प्रथमच ती घेऊन निघाला होता.

नातवाने आजोबांकडे पाहिले.

“आप्पा, आपल्या पेटीत आहेत.”

“आहेत,” एवढेच आप्पा म्हणाले. पुढे काही क्षण कोणीच बोलले नाही. मग त्यांनी कंबरेची किल्ली काढून नातवाच्या हाती दिली. तेलकट कागदात गुंडाळलेला कंडेन्सर निघाला, मिस्त्रींनी बसवला आणि दुसऱ्या किकला जावा बोलू लागली. तरुणाने पाकीट काढले, किंमत विचारली. “वर जाऊन येऊ, मग पाहू,” आप्पांनी उत्तर दिले. ते नाही म्हणाले नाहीत आणि आकडाही सांगितला नाही.

श्रवणबेळगोळ हे गाव दोन टेकड्या आणि मधले कल्याणी सरोवर यांचे मिळून झालेले आहे. लहान टेकडी चंद्रगिरी. आचार्य भद्रबाहू आणि त्यांच्यासह आलेले चंद्रगुप्त मौर्य यांची समाधी तेथे झाली, अशी परंपरा आहे. मोठी विंध्यगिरी, तिच्या माथ्यावर एकाच पाषाणात कोरलेली भगवान बाहुबलींची 57 फुटी मूर्ती. गंग राजांचे मंत्री आणि सेनापती चावुंडराय यांनी ती इसवी सन 981 च्या सुमारास घडविली. पायथ्याशी सर्वांनी पादत्राणे उतरवली. कातडी जाकिटे आणि पट्टेही टेम्पोतच राहिले. खडकातच कोरलेल्या सहाशेहून अधिक पायऱ्या अनवाणी चढायच्या. डोली मिळत होती. आप्पांनी ती नाकारली आणि दर पन्नास पायऱ्यांवर थांबत ते तासाभराने वर पोहोचले.

मूर्तीसमोर आले की माणूस गप्प होतो. वेली मांड्यांवर आणि बाहूंवर चढल्या आहेत, पायांशी वारुळे आहेत आणि मुखावर किंचित स्मित आहे. भरताला द्वंद्वात जिंकून, हाती आलेले राज्य बाहुबलींनी सोडले. ज्याला मिळालेच नाही त्याचा त्याग निराळा आणि ज्याने मिळवून सोडले त्याचा निराळा.

पायांजवळच्या शिळेवर कन्नड, तमिळ आणि मराठी अशा तीन भाषांतील लेख आहेत. ‘चावुंडराजाने करविले’ अशा अर्थाची ती मराठी ओळ दीर्घकाळ मराठीतील आद्य शिलालेख म्हणून शिकवली गेली. विद्वानांमध्ये तिच्या काळाविषयी मतभेद आहेत, आणि अक्षीच्या शिलालेखाकडे आता तो मान दिला जातो. तरीही महाराष्ट्रातून एवढ्या दूर येऊन आपल्या भाषेची अक्षरे त्या पायांशी दिसली, की मराठी यात्रेकरूचा ऊर भरून येतो. नातवाने ती ओळ आजोबांना समजावून सांगितली. आप्पांनी विचारले, “खर्च किती आला, ते लिहिलेय का?”

“नाही आप्पा. कोणी केले, एवढेच.”

बाहेरच्या अंगणात गुळ्ळकायज्जीची छोटी मूर्ती आहे. चावुंडरायाने घागरींनी दूध ओतले, पण अभिषेक मूर्तीच्या पायांपर्यंत पोहोचेना. एका वृद्धेने फळाच्या कवटीतून आणलेल्या घोटभर दुधाने तो पूर्ण झाला, अशी कथा सांगतात. देणाऱ्याच्या मनात ‘मी’ उरला, की घागरही कमी पडते, हा तिचा अर्थ. आप्पा त्या मूर्तीसमोर बराच वेळ बसून राहिले.

दुपारचे भोजन उरकून मंडळी निघाली आणि पाचच्या आत यादवगिरीला परतली. ऊन कलले होते. निरोपाआधी मिस्त्रींच्या गॅरेजसमोर सर्व जण जमले. आप्पांनी पेटी टेम्पोतून उतरवून बाकावर ठेवायला सांगितली, झाकण उघडले आणि म्हणाले, “ज्याच्या गाडीला जे हवे, ते घ्या. गरजेपुरते घ्या. साठवायला नको.” हुबळीच्या तरुणाने पुन्हा पैशांची गोष्ट काढली. आप्पांनी हात जोडून ‘जय जिनेंद्र’ म्हटले. विषय तेथे संपला. आपल्या येझदीसाठी त्यांनी पॉइंटचा एक संच, एक कंडेन्सर आणि एक क्लच प्लेट बाजूला ठेवली.

पेढीची सवय मात्र सुटली नाही. नातवाला वही काढायला लावून त्यांनी स्वतः रकाने आखून घेतले : तारीख, नाव, गाव, वस्तू, दर. एकेक नोंद होत गेली आणि पेटी रिकामी होत गेली. सूर्य मावळण्यापूर्वी पान भरले. दराचा रकाना वरपासून खालपर्यंत कोरा होता.