बेरीज बरोबर, वाटणी चूक

व्हॉल्व्हच्या अॅम्प्लिफायरविषयी एका धर्मगुरूने लिहावे, याचे वाचकांना कदाचित नवल वाटेल. सेमिनरीत आम्ही तत्त्वज्ञान शिकलो, ईशज्ञान शिकलो. डाख कसा द्यावा हे काही तेथे शिकवत नाहीत. ती विद्या मला लहानपणी, मे महिन्याच्या सुट्टीत, रेडिओ दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांच्या दुकानात बसून मिळाली. पुढे ट्रान्झिस्टरने व्हॉल्व्हला घरोघरच्या रेडिओतून हुसकून लावले, तरी त्या काचेच्या नळीतील तांबूस उजेडाची ओढ माझ्या मनातून गेली नाही.

ज्यांनी ही नळी जवळून पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी थोडे विवेचन आवश्यक आहे. ईएल ३४ हा अॅम्प्लिफायरमधील एक नामांकित व्हॉल्व्ह. त्याच्या गाभ्याशी तापलेला कॅथोड असतो आणि त्यातून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात. त्यांना खेचून घेणारी प्लेट बाहेरच्या बाजूस असते. तिच्यावर चारशे व्होल्टच्या वर दाब असतो. या दोहोंच्या मध्ये बारीक तारेची जाळी, म्हणजे ग्रिड. ग्रिडला ऋण दाब दिला, की इलेक्ट्रॉनांना लगाम बसतो. हा कायमचा लगाम म्हणजे बायस. गाणे वाजत नसतानाही व्हॉल्व्हमधून थोडा प्रवाह वाहतच असतो, आणि तो किती असावा हे बायस ठरवतो. असे दोन व्हॉल्व्ह जोडीने काम करतात. ध्वनिलहरीचा अर्धा भाग मुख्यतः एकाने उचलायचा, अर्धा दुसऱ्याने. लगाम फार आवळला, तर एकाकडून दुसऱ्याकडे सूर जाताना मध्ये ठेच लागते आणि नेमके हळुवार स्वर कर्कश होतात. फार सैल सोडला, तर प्लेट तापून लाल होते. ईएल ३४ च्या प्लेटने २५ वॉटपर्यंतच उष्णता सोसावी, अशी मर्यादा घातलेली आहे.

काही वर्षे मी अमेरिकेत, फिलाडेल्फियाजवळच्या एका धर्मग्रामात सेवेला होतो. फिलाडेल्फिया हे डायनॅको कंपनीचे गाव. १९५९ साली या कंपनीने ‘स्टिरिओ ७०’ हा अॅम्प्लिफायर बाजारात आणला. दोन्ही बाजूंना प्रत्येकी ३५ वॉट, आणि ईएल ३४ च्या दोन जोड्या. सुटे भाग घेऊन घरी जोडायचा असेल, तर किंमत शंभर डॉलरला पाच सेंट कमी. स्वयंपाकघरातील टेबलावर बसून कितीतरी गृहस्थांनी तो जोडला. घरच्या माणसाला बायस लावता यावा म्हणून कंपनीने एक सुंदर सोय केली होती. प्रत्येक जोडीच्या सामाईक वाटेत १५.६ ओहमचा एक रेझिस्टन्स. त्याच्या दोन टोकांमध्ये १.५६ व्होल्ट दिसले, म्हणजे जोडीतून १०० मिलिअँपिअर, प्रत्येकी ५०. बॅटरीच्या नव्या सेलचा दाबही जवळजवळ तेवढाच असतो. त्यामुळे साध्या मीटरची पारख सेलवर करून घेता येते. मला या सोयीचे फार कौतुक वाटते.

त्या धर्मग्रामातील एका आजीबाईंकडे, त्यांच्या दिवंगत यजमानांनी जोडलेला असाच संच होता. संध्याकाळी तो लावून बसणे हा त्यांचा नेम. काही महिन्यांपासून उजव्या बाजूने गुरगुर येई, आवाजातला खर्ज गेला होता आणि वीस मिनिटांनी एक व्हॉल्व्ह निखाऱ्यासारखा लाल होई. एका दुरुस्तीवाल्याने दोनदा नवे व्हॉल्व्ह बसवले होते, दोनदा बायस लावला होता. मुलांचे म्हणणे, हा धोका घरात नकोच. मुलांचे चुकत नव्हते. एकट्या राहणाऱ्या ऐंशी वर्षांच्या बाईच्या खोलीत रोज काहीतरी लालबुंद होत असेल, तर काळजी वाटणारच. दुरुस्ती होईपर्यंत संच लावायचा नाही, असे मी त्यांना जरा कठोरपणेच सांगितले.

मीटर लावला. १.५६ व्होल्ट, अगदी बरोबर! चारही व्हॉल्व्ह लाल होत असते, तर बायसचा दाब तयार करणाऱ्या जुन्या सेलेनियमच्या रेक्टिफायरवर संशय घ्यावा लागला असता. येथे तर एकच लाल होत होता. मी संच बंद करून त्या जोडीतील व्हॉल्व्हांची अदलाबदल केली. लाली व्हॉल्व्हबरोबर दुसऱ्या सॉकेटवर गेली असती, तर दोष व्हॉल्व्हचा. ती जागा सोडेना. म्हणजे जळणारा व्हॉल्व्ह निर्दोष होता. त्याला जाळणारे कोणीतरी वेगळेच होते.

सामाईक रेझिस्टन्स फक्त बेरीज सांगतो. म्हणून दोन्ही व्हॉल्व्हांना मी दहा ओहमचा वेगवेगळा रेझिस्टन्स जोडला आणि पुन्हा मोजले. एकातून ७८ मिलिअँपिअर, दुसऱ्यातून २२! बेरीज शंभरच, पण एकटा ७८ वाहणारा बत्तीस वॉट उष्णता सोसत होता आणि दुसरा उपाशी होता. खर्ज गेला होता तोही यामुळेच. दोघांचे प्रवाह समान असले, की आउटपुट ट्रान्स्फॉर्मरच्या गाभ्यात त्यांचा परिणाम परस्परांना छेदतो. विषम झाले, की गाभा एकाच बाजूने चुंबकित होतो.

मग व्हॉल्व्ह काढून, संच तापू देऊन, दोन्ही सॉकेटांच्या पाचव्या पायावर, म्हणजे ग्रिडवर, दाब पाहिला. एकीकडे उणे ३८, दुसरीकडे उणे २९. गुन्हेगार सापडला. ग्रिडच्या अलीकडे एक लहानसा कंडेन्सर असतो. त्याने केवळ ध्वनी पुढे जाऊ द्यायचा आणि मागच्या टप्प्यावरचा धन दाब अडवायचा. वयोमानाने तो झिरपू लागला होता. तापला की अधिकच. त्या झिरपीने लगाम सैल होत होता. व्हॉल्व्ह कितीही नवे घातले असते, तरी ते तेथे जळालेच असते.

हे वाचून कोणी अॅम्प्लिफायरचा तळ उघडू नये, एवढी विनंती. वीज बंद केल्यावरही मोठ्या कंडेन्सरमध्ये चारशे व्होल्ट दडून राहू शकतात. माझे ते दुकानवाले गुरू डावा हात खिशात ठेवूनच आत डोकावत. कंडेन्सर रेझिस्टन्समधून रिकामा करावा, तो रिकामा झाल्याची मीटरने खात्री करावी, आणि मगच हात घालावा. स्पीकर जोडल्यावाचून संच चालवू नये. ट्रान्स्फॉर्मर जळण्याचा संभव असतो.

चारही कंडेन्सर बदलले, सेलेनियमच्या जागी सिलिकॉनचा डायोड घातला. व्हॉल्व्ह मिळायला अडचण पडत नाही. स्लोव्हाकियात ईएल ३४ आजही तयार होतो. बायस मात्र मी ५० वर न नेता ४० वर ठेवला. १९५९ च्या मानाने तेथील घरगुती विजेचा दाब आता किंचित चढा असतो आणि व्हॉल्व्हला तेवढीच उसंत मिळते.

आजीबाई पूर्ण वेळ शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. “पुन्हा कधी तपासायचे, फादर?” त्यांनी विचारले. सहा महिन्यांनी, मी म्हणालो, आणि कागदाच्या चिठ्ठीवर तारीख व दोन आकडे लिहिले: डावा ०.४०, उजवा ०.४०. त्यांनी ती चिठ्ठी वाचली, मागच्या बाजूला यजमानांच्या हस्ताक्षरातले जुने आकडे लिहिलेला कागद चिकटवलेला होता तो मला दाखवला, आणि माझी चिठ्ठी त्याखाली लावायला सांगितली.