परवान्याची मुदत

बदलापूर, आषाढ

बिछाना, स्टोव्ह आणि पाण्याचा कॅन गाडीतच बांधून निवृत्तीनंतर महाराष्ट्र पालथा घालणारे एक वयोवृद्ध दांपत्य अंबरनाथला राहते. आजोबांनी स्टिअरिंग केव्हा सोडावे, यावरून त्या घरात सध्या जे शीतयुद्ध चालू आहे (डाव्या दारावरील ताजा ओरखडा आजींना दिसतो, आजोबांना दिसत नाही), ते पाहून मी आज मोटार वाहन कायदा उघडला. पंचावन्न वर्षे उलटलेल्या इसमास खासगी वाहनाचा परवाना पाच वर्षांच्या मुदतीने मिळतो, अर्जास डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो, परंतु अमुक वयानंतर वाहन हाकू नये असा हुकूम कोठेही नाही. म्हणजे निर्णयाचा भार सरकारने मोठ्या शिताफीने घरावरच टाकला आहे! दाखल्याच्या नमुन्यात पृच्छा आहे ती २५ मीटरवरील नंबरप्लेट चांगल्या दिवसाउजेडी ओळखता येते काय, ही. पण मुरबाड ओलांडून माळशेज घाटात शिरल्यावर, जेथे पावसाळी धुके बॉनेटपर्यंत उतरते आणि समोरच्या ट्रकचे दिवे थेट डोळ्यांत घुसतात, तेथे तो दिवसाउजेड आणावा कोठून? उल्हासनगरच्या बाजारात, रिक्षांच्या गर्दीत, फार तर आरसा मोडतो. घाटात तेवढ्यावर भागत नाही.

माझे मत असे की, कल्याणच्या परिवहन कार्यालयाने आणखी पाच वर्षे मंजूर केली तरी आजोबांनी रात्र आणि घाट आजच वर्ज्य करावेत, लांबच्या प्रवासास पगारी चालक घ्यावा, आणि गावातल्या गावात, आजींची हरकत नसेल तर, गाडी खुशाल चालवावी.